तिसऱ्या फेरीचा बेलभंडारा

"फडतरे बुरूजकडं आणि दिगू रंकाळ्याकडं! मी लिहितोय. पुसायला कोण येतंय बघतोच," असं म्हणत बापू सासन्यांनी फळ्यावर खडू असा दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

रविवारची सकाळ होती, दहा वाजलेले. चाफा तालमीचा हॉल दारापर्यंत भरला होता. तालीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला लाल माती आणि लंगोट आठवतो, पण आमच्या कोल्हापुरात तालमी फुटबॉल खेळतात, आणि भांडतात तेही फुटबॉलवरनंच. आमच्या आखाड्यावर कधीच फरशी बसली होती आणि तिथं टीव्ही ठेवला होता. अकरा वाजता लोकल चॅनलवर करवीर लीगचा ड्राफ्ट दाखवणार होते. चौदा वर्षं झाली त्याला, पण त्या टीव्हीच्या डोक्यावर पडलेला सुकलेला हारसुद्धा माझ्या डोळ्यांपुढं आहे.

लीगच्या सहा टीम होत्या. बाहेरचे खेळाडू, म्हणजे केरळ, गोवा, नायजेरियाचे, त्यांनी आधीच घेऊन ठेवलेले. राहिले आम्ही शहरातले. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक टीमनं एक नाव पुकारायचं. अर्ज आले होते दीडशेच्या आसपास आणि जागा अठरा. ज्याचं नाव आलं तो सुटला, ज्याचं नाही आलं त्यानं सोमवारी गप कामावर जायचं.

बापू सासने रिटायर व्हायच्या आधी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माइकवर बसायचे. त्यामुळं त्यांचा साधा अंदाजसुद्धा गाडी सुटायच्या सूचनेसारखा ऐकू यायचा. गेली तीन वर्षं ते ड्राफ्टच्या दिवशी सकाळी फळ्यावर अठरा नावं लिहायचे, आणि तीन वर्षांत त्यांची चौदाच्या खाली कधी बरोबर आली नव्हती. लोक त्यांना चहा पाजायचे तो उगाच नाही.

"बापू, तुमचं काय ऐकू नका म्हणतोय मी पोरांना," मुजावर मामा म्हणाले. मामा टेलर. तालमीच्या जर्स्या तेच शिवायचे. "बुरूजला स्टॉपर पाहिजे हे शेंबडं पोर पण सांगंल. आणि शहरात स्टॉपर दोनच. मग चांगला सोडून ते फडतरेला कशाला घेतील? मी दोघांच्या छातीचं माप घेतलंय. दिगूची दोन इंच जास्त हाय."

"मामा, छातीवर फुटबॉल खेळतात व्हय?"

"मग काय तुमच्या माइकवर खेळतात?"

हॉल हसला. बापूंनी हसणं पूर्ण होऊ दिलं, मग खडूचा तुकडा वर धरला. "ऐका. बुरूज दिगूला घेऊच शकत नाही. का? कारण आपल्या सातही पोरांनी फॉर्मवर काय लिवलंय?"

"बुरूज नको!" हॉल ओरडला.

"झालं तर मग. बुरूजला फडतरेशिवाय इलाज नाही. फडतरे गेला की स्टॉपर कोण उरतो? दिगू. स्टॉपर आणखी कुणाला पाहिजे? रंकाळ्याला. पहिली फेरी, पाचवं नाव. दिगंबर तोडकर, रंकाळा. मी आत्ता सांगतो, जर्सी शिवायला घ्या."

दिगंबर तोडकर म्हणजे मी, आणि मला ते ऐकून आनंदच झाला. शेजारी बसलेल्या रणधीरनं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दाबला. रणधीर साळोखे आमचा कॅप्टन. पुढं तो खेळायचा, मागं गोल राखायला स्टॉपर मी. सहावीपासून आम्ही एका सायकलवर ग्राउंडला जायचो, तो दांडीवर आणि मी पायडलवर. त्याचा हात खांद्यावर असला की मला बरं वाटायचं, त्या दिवशीही वाटलं.

आता त्या फॉर्मचं सांगितलं पाहिजे.

त्या वर्षी उपांत्य फेरीत आमची आणि जुना बुरूज तालमीची मॅच अर्धवट राहिली होती. दगड पडले, आमच्या गोलकीपरच्या डोक्याला सहा टाके. आणि महिन्याभरात कळलं, लीगमधली एक टीम बुरूजच्याच एका कारखानदारानं घेतलीय. फॉर्मवर एक रकाना असायचा: ‘कोणत्या संघाकडून खेळण्याची तयारी नाही?’ एकच नाव लिहायची मुभा. रणधीरनं आम्हां सातजणांना हॉलमधल्या खंडोबाच्या देवळीपुढं उभं केलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. तळहातावर बेलाचं पान, त्यावर चिमूटभर भंडारा. "बुरूजचा शर्ट अंगात घालणार नाही." सातजणांनी म्हटलं. हॉलमधली माणसं रडली त्या दिवशी, खोटं सांगत नाही.

आमच्या तालमीत बेलभंडाऱ्याची एक रीत होती. ज्यानं उचलायला लावला त्यानंच तो उतरवायचा. वस्तादांनी बापूंना एकदा तंबाखू सोडायचा बेलभंडारा उचलायला लावला होता, आणि दहाव्या दिवशी बापूंनी त्यांच्या पायावर लोळण घेतली होती. वस्तादांनी पान परत देवळीत ठेवलं, चारचौघांसमोर दोनच शब्द म्हणाले, "चूक माझी," आणि बापू सुटले. जड भार घातला ही घालणाऱ्याची चूक. तेवढं तोंडानं म्हणायचं आणि ऐकायला माणसं पाहिजेत. बस्स. एवढी सोपी गोष्ट.

मी घरी फॉर्म भरला. आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "कुणाला नको म्हणू नये रं, आधी कोण बोलावतंय ते बघावं." मी तिला गप केलं आणि रकान्यात बुरूज असं ठळक लिहिलं, पेन मागच्या पानावर उमटेपर्यंत. मग सगळ्यांचे फॉर्म रणधीरनं गोळा केले आणि ऑफिसात नेऊन दिले.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. एकोणतीस पूर्ण झाली की लीगला अर्ज बंद. म्हणजे हे माझं शेवटचं. उद्यमनगरात लेथवर काम करत होतो, ते काही सुटणार नव्हतं. मला फार मोठं काही नको होतं, हसू नका, मला जर्सीच्या पाठीवर नाव पाहिजे होतं. तालमीच्या जर्सीवर नुसता नंबर असतो. माझे वडील त्याच तालमीकडून नऊ वर्षं खेळले, पाच नंबर घालून. ते गेल्यावर तोच पाच मी घातला, आणि गर्दीत आईला कुणी विचारलं तुमचा कुठला, तर तिला ‘पाच नंबर’ म्हणायला लागायचं. लीगमध्ये पाठीवर आडनाव असतं. तोडकर. ते एकदा तिनं वाचावं, एवढंच. मुजावर मामांनी तर जुन्या पडद्याच्या कापडावर अक्षरं कापून सरावही केला होता.

अकरा वाजले. टीव्हीवर कुठल्या तरी हॉटेलातला हॉल दिसला, सहा टेबलं, निळे पडदे. बुरूजच्या टेबलावर शिकलगार सर बसले होते. ते कोच. कडक माणूस, पण सरळ. शाळेत मला त्यांनीच डोकं वर ठेवून खेळायला शिकवलं होतं.

पहिली तीन नावं बापूंच्या फळ्याबरहुकूम आली. प्रत्येक नावाला बापू खडूनं बरोबरची खूण करायचे आणि मुजावर मामांकडं बघायचे. मामा टीव्हीकडं बघायचे.

"चौथं नाव. बुरूज," निवेदक म्हणाला.

"फडतरे," बापू पुटपुटले.

"चाफा तालमीचा रणधीर साळोखे!"

हॉलमध्ये पंखा फिरल्याचा आवाज येत होता. माझ्या खांद्यावरचा हात तसाच होता. मी वळून बघितलं नाही. मला खरंच वाटलं, ऑफिसातल्या कुणीतरी घोळ घातला, आता रणधीर उठेल, फोन लावेल, आईबहिणीवरनं शिव्या घालेल.

रणधीर उठला. पण तो टीव्हीकडं बघून हसत होता, दोन्ही हात जोडून, कॅमेरा तिकडं असल्यासारखा.

मग मागनं कुणीतरी शिट्टी मारली. "पहिल्या फेरीत रं! आपला रणधीर पहिल्या फेरीत!" आणि धरण फुटल्यासारखी माणसं उठली. गुलाल आला, कुठनं आला देव जाणे. बाहेर फटाक्यांची माळ लागली. ज्यांनी त्या दिवशी देवळीपुढं डोळे पुसले होते त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. बुरूज हा शब्द कुणी उच्चारलाच नाही. नुसतं ‘पहिली फेरी, पहिली फेरी’.

त्या गोंधळात पाचवं नाव पुकारलं गेलं. ते फक्त मी ऐकलं, आणि बापूंनी.

"रंकाळा. प्रसाद फडतरे."

बरोबरच होतं की. फडतरे बावीसचा, मी अठ्ठावीसचा. दोघं समोर असताना मीही त्यालाच घेतला असता. बापू फळ्यापुढं उभे होते. त्यांनी माझ्या नावावर खडू नेला, मग खाली घेतला.

दुसऱ्या फेरीत बुरूजनं आमचाच विंगर घेतला. माझ्या उजवीकडं बसलेला. त्यालाही हार पडला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चटकन बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. मग मी बाकीच्या चौघांकडं एकेक करून बघितलं. एकेक मान खाली गेली. तेव्हा मला सगळं कळलं. सातात बुरूज असं लिहिणारा मी एकटा होतो.

सांगतो, नाव न आल्याचं दुःख वेगळं. पण भरल्या हॉलमध्ये आपण एकटेच खरे बोललो होतो हे कळणं, त्यासारखं एकटेपण मी पुन्हा कधी भोगलं नाही. वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

तिसरी फेरी. बुरूजची पाळी आली आणि शिकलगार सर बोललेच नाहीत. ते उठून मधल्या टेबलावर गेले. अधिकाऱ्यानं फाइल उघडली, एक कागद काढून त्यांना दाखवला आणि मान हलवली. कॅमेरा जवळ गेला. लांबनंसुद्धा मी ओळखलं, माझा फॉर्म होता तो. मागनंही शाई उमटलेली.

"आता हे काय काढलंय?" कुणीतरी म्हणालं.

"स्टॉपर नाही मिळाला त्यांना," बापू हळूच म्हणाले. "दिगूच पाहिजे त्यांना. पयल्यापासनं दिगूच पाहिजे हुता."

माझ्या खिशातला मोबाइल वाजला. टीव्हीवर शिकलगार सर कानाला फोन लावून उभे होते आणि इकडं माझ्या हातात तो थरथरत होता. 

"दिगंबर, सर बोलतोय. इथं सगळे ऐकतायत. तीन मिनिटं दिलीत मला. तू लिहिलेलं मागं घेतो म्हण, तोंडी चालतंय. काय?"

"सर..."

"अरे, लढाई आहे का ही? फुटबॉल आहे. मला मागं माणूस पाहिजे. तुझं नाव मी पहिलं लिहिलं होतं. फॉर्म बघितला आणि हात बांधले. फडतरे दुसऱ्या फेरीला उरेल वाटलं, तोही गेला."

मी फोन छातीशी धरला आणि रणधीरकडं गेलो. तो दाराशी उभा होता, गळ्यात दोन हार, कपाळभर गुलाल. लोकल चॅनलचा माणूस त्याची मुलाखत घ्यायला आला होता, कॅमेरा लावून.

"हो म्हण की मर्दा!" रणधीर म्हणाला. "बघतोस काय? परत एका टीममध्ये, तू मागं आणि मी पुढं."

"उतरव," मी म्हणालो.

"काय?"

"बेलभंडारा. तू घातलास, तू उतरव. देवळी चार पावलांवर हाय."

त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "दिगू, आत्ता? एवढ्या माणसांत? उद्या सकाळी करतो की. तू आधी हो म्हण."

"तुला माहीत हुतं. फॉर्म तू नेलेस. सगळे बघितलेस."

"तुला सांगणारच हुतो रं..."

"दोनच शब्द हायत, रणधीर."

आजही मी स्वतःला विचारतो, की मी का अडून बसलो? बाकीच्यांनी मोडला होता, मी मोडला असता तर खंडोबा काय मला एकट्याला धरणार होता? देवाचं भय होतं म्हणू का? नव्हतं. मला राग आला होता. मला त्या माणसाच्या तोंडून ते दोन शब्द ऐकायचे होते, त्या सगळ्यांसमोर, ज्यांना मी आपले म्हणत होतो. एकानं जरी म्हटलं असतं की बाबा रे, चुकलं आमचं, तर मी बुरूजचाच काय, कुणाचाही शर्ट घातला असता. आणि मला खात्री होती की तो म्हणेल. एका सायकलवर गेलेला माणूस तो. मी शेवटच्या मिनिटापर्यंत खात्रीनं उभा होतो.

"दिगंबर?" फोनमधनं आवाज आला. "एक मिनिट राहिलं बाळा."

मुजावर मामा पुढं आले. "रणधीर, म्हण की रं. पोराचं आयुष्य हाय."

रणधीरनं देवळीकडं एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं. आणि तेवढ्यात चॅनलचा माणूस म्हणाला, "साळोखे, इकडं बघा, लाइव्ह जायचंय," आणि तो वळला. वळला आणि हसला. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. त्याचं उत्तर तेवढं ऐकू आलं: "तालमीमुळंच मी इथवर आलो."

मी फोन कानाला लावला. "सर, जमणार नाही," म्हणालो.

 टीव्हीवर सर खाली मान घालून उभे दिसत होते. मग म्हणाले, "बरं," आणि जाऊन दुसरंच नाव पुकारलं. कुणाचं ते मला आठवत नाही.

पाऊण तासात हॉल रिकामा झाला. सगळे रणधीरला घेऊन मिरवत निघाले, ताशा लावून, थेट बुरूजच्या ऑफिसवर. ज्यांनी दगड मारले होते त्यांना पेढे द्यायला. हॉलमध्ये मी आणि बापू. फरशीवर गुलालाच्या पावलांचे ठसे. मामा त्यांच्या दुकानात गेले होते, त्यांनी ती कापलेली अक्षरं काय केली मी कधी विचारलं नाही.

बापू ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. माझ्या नावापाशी थांबले.

"दिगू, बाकीच्या कुणीच लिवलं नव्हतं व्हय?"

"नाही बापू."

"मला कुणीतरी सांगायचं," ते म्हणाले. त्यांचा माइकचा आवाज पार बसला होता. "यादी चुकली नसती माझी."

मला हसू आलं आणि ते हसता हसताच मी रडायला लागलो. बापूंना वाटलं मी त्यांच्या यादीवर रडतोय. ते पाठीवर थोपटत राहिले.

घरी गेलो तर आईनं टीव्ही लावलाच नव्हता. "तू येऊन सांगशील म्हणून बसले," म्हणाली. मी सांगितलं, गुडघ्यामुळं घेतलं नाही. पुढं तालमीतही तेच चालू झालं: दिगूचा गुडघा गेला हुता त्या वर्षी. चांगलं कारण होतं, कुणालाच टोचत नव्हतं. दोन-तीन वर्षांनी माझा गुडघा खरंच दुखायला लागला.

रणधीर बुरूजकडून सात हंगाम खेळला. त्यांच्या जर्सीतला त्याचा फोटो आता आमच्याच तालमीच्या भिंतीवर आहे, पाठमोरा, साळोखे असं नाव दिसेल असा. मुजावर मामा आधी गेले, मग बापू. त्यांच्या माघारी फळा माझ्याकडं आला. दर वर्षी मी अठरा नावं लिहितो. पोरं आता हॉलमध्ये येत नाहीत, त्यांचे अंदाज मोबाइलवर चालतात. वाद घालायला कुणी नसतं, म्हणून कधी कधी मामांच्या बाजूनं मीच बोलतो आणि बापूंच्या बाजूनं मीच उत्तर देतो. मामा बहुतेक वेळा हरतात.

यंदा ड्राफ्टच्या आदल्या दिवशी दुपारी मी असाच लिहीत होतो, आणि मागं कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. रणधीर होता. पोट सुटलेलं, केस गेलेले.

"स्टॉपर कोण घेणार यंदा?" त्यानं विचारलं.

"बघू. चारजण हायत."

तो देवळीपाशी गेला. बराच वेळ पाठ करून उभा होता. वळला तेव्हा त्याच्या तळहातावर बेलाचं पान होतं आणि पानावर भंडारा. 

"चूक माझी," तो म्हणाला.

चांगलं मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या हॉलमध्ये ते घुमलं. ऐकायला मी होतो, पंखा होता, आणि भिंतीवरचा त्याचाच फोटो.

आई असती तर आधी तिला जाऊन सांगितलं असतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

"फॉर्म भरायची तारीख गेली रं, रणधीर," मी म्हणालो.

 पान त्यानं देवळीत ठेवलं. पण भंडारा हाताला लागला होता आणि तो कुठं पुसावा हे त्याला कळेना. पांढरी पँट होती. तो तसाच हात पुढं धरून उभा राहिला.

मी फळ्याचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि उरलेली नावं लिहायला लागलो.